कमानीवरची चौथी ओळ

७ सप्टेंबर

भाषणाचे मुद्दे मी आयुष्यभर लिहिले. ते लोकांसाठी होते. हे माझ्यासाठी. इथे टाळ्या नाहीत, तेव्हा आवाज चढवण्याचं कारणही नाही.

उन्हाळ्यात सीमेवर पेटलं तेव्हापासून टीव्हीवरची लढाई थांबलेली नाही. ज्यांनी बंदुकीचा दस्ता कधी खांद्याला लावला नाही ते ओरडून सांगतात, घुसा, संपवा. मी युद्धाच्या विरोधात नाही. शेजारी बांध कोरून आपल्या धानाच्या बांधीत शिरला तर काठी घ्यावीच लागते. पण काठी कोणाच्या हाती दिली आणि मार कोण खाणार, हे काठी देणाऱ्याला माहीत हवं. हे मी साकोलीत बोललो, लाखांदुरात बोललो. पुन्हा बोलेन.

आज सिहोऱ्यात आम्हा माजी सैनिकांची बैठक झाली. नायक ताराचंदच्या नावाची कमान त्याच्या गावच्या वेशीवर, तलावाच्या मातीच्या पाळीजवळ, उभी करायची. दिवाळीनंतर त्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, त्या दिवशी उद्घाटन. पाहुणे म्हणून आमच्या पलटणीचे त्या वेळचे कमांडिंग ऑफिसर, सीओ साहेब, यावेत, असं आमच्यातल्या टेकचंदने सुचवलं. निवृत्त होऊन ते नागपुरात स्थायिक झाले आहेत. सगळ्यांना वाटलं मी विरोध करीन. मी म्हणालो, जरूर बोलवा. मला त्यांना एक प्रश्न विचारायचा आहे.

कोणता, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या त्या जुन्या लढाईत शत्रूची टेकडीवरची चौकी अंधारात घ्यायची होती. वाटाड्या चुकला आणि पायथ्याशी पोचेपर्यंत उजाडलं. आमच्या कंपनी कमांडरने वायरलेसवर विचारलं, काय करायचं? सीओ साहेबांचा हुकूम आला, चालू ठेवा. आम्ही टेकडी घेतली. ताराचंद माझ्यापासून हातभर अंतरावर पडला. माझा उजवा खांदा गेला आणि मी इस्पितळात, तिथून थेट ट्रेनिंग सेंटरला शिकवायला. तेव्हापासून भाषणात मी डावाच हात उगारतो.

‘चालू ठेवा’ का? एवढाच प्रश्न आहे.

१४ सप्टेंबर

टेकचंद सकाळीच आला. हा आमचा हवालदार, बर्फात पायाची बोटं गमावलेला, आणि तरी आजही टीव्हीसमोर ताठ बसतो. माझ्या बायकोने, शकुनने, चहा ठेवला तोवर आमची जुंपली होती.

“सुभेदार साहेब, हुकूम म्हणजे हुकूम. सारेच इचारत बसले असते त देश राहिला असता काय?”

मी म्हणालो, युद्ध न्याय्य असू शकतं, पण न्याय्य युद्धातला प्रत्येक हुकूम न्याय्य नसतो. ज्याच्या शब्दावर माणसं मरतात त्याने त्या शब्दाचा जाब दिला पाहिजे. राजांच्या काळातही सेनापतीला जाब विचारत. आता तर आपण स्वतःला प्रजासत्ताक म्हणवतो.

“जाब इचारून ताराचंद वापस येते काय?”

“पुढचा ताराचंद वाचतो.”

मी जिंकलो असं वाटलं. तेवढ्यात शकुन म्हणाली, “तुमचं दोघायचं झालं असन त चहा घ्या. थंडा होऊन राहिला.”

२१ सप्टेंबर

ताराचंदच्या गावच्या शाळेत भाषण. चांगलं रंगलं. शेवट नेहमीचाच घेतला, कारण त्याहून चांगला शेवट मला अजून सुचलेला नाही: “ताराचंद गेला, पण ज्या टेकडीवर तो पडला त्या टेकडीवर आजही तिरंगा फडकतो आहे!” मुलं उभी राहिली.

नंतर मंदाबाई भेटली, ताराचंदची बायको. माझ्या प्रत्येक भाषणाला येते, मागे भिंतीशी बसते आणि संपल्यावर एकच विचारते.

“सुभेदारभाऊ, आताही हाये का जी तिथं झेंडा?”

“आहे. आणि राहील.”

मान हलवून गेली. पुढे तिच्याने बोलवत नाही. माझ्या शब्दांनी तिचं मन भरून येतं, हे मी आता ओळखून आहे.

तिची मुलगी अंजू बापाच्या मृत्यूनंतर जन्मली. आता सैन्यभरतीची तयारी करते आहे. रोज पहाटे तलावाच्या पाळीवर धावते, तिच्यासोबत गावातली आणखी पोरं-पोरी. मला मोठेबाबा म्हणते. रविवारी मी घड्याळ आणि शिटी घेऊन जातो. पोरगी वाऱ्यासारखी आहे. पण मंदाबाईने अजून हो म्हटलेलं नाही. आईच्या मनाविरुद्ध अंजू जाणार नाही, तेही नक्की.

२ ऑक्टोबर

कमानीच्या दगडावरचा मजकूर मी लिहिला. चार ओळी. पहिली नाव आणि हुद्दा. दुसरी गाव आणि पलटण. तिसरी, ‘शत्रूच्या ताब्यातील टेकडी घेताना वीरमरण.’ चौथी, ‘त्या टेकडीवर तिरंगा आजही फडकत आहे.’

बैठकीत वाचून दाखवला. टेकचंदच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त तेजराम कुरकुरला. तेजराम आमच्या पलटणीचा ड्रायव्हर, आता त्याचं बसस्टँडवर चहाचं दुकान आहे. बैठकीत तो सहसा तोंड उघडत नाही. माझं भाषण टेकडीपाशी आलं की याला नेमकी दुकानाची आठवण होते.

“तीन ओळी पुरे झाल्या न गा,” तो म्हणाला. “लंबा मजकूर कोण वाचते?”

मी म्हणालो, लोक दोन-दोन तास माझं भाषण ऐकतात, चार ओळी वाचणार नाहीत?

“आयकते, पर गोट्यावर कायले लिहा लागते?”

का ते त्याला सांगता आलं नाही. आम्ही मत घेतलं. चार ओळी मंजूर. तेजरामने हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. अशा माणसांमुळेच लोकशाही लंगडी होते.

१२ ऑक्टोबर

पाळीवर अंजूची धाव पाहिली. परतताना मंदाबाईच्या बांधीवर थांबलो. हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आला आहे. ती विळा हातात घेऊन उभी राहिली. मी सरळ विषयाला हात घातला: पोरीला का अडवतेस?

“मी कोठी अडवून राहिली? मी इतकंच म्हणतो, साहेब येऊन राहिले न. त्यायले एक गोष्ट इचारीन. मंग सांगीन.”

काय विचारणार, ते सांगेना. मी म्हणालो, मला सांग, मी भाषणात घेतो, माझ्या तोंडून ते जास्त परिणामकारक होईल. ती हसली.

“तुमच्या तोंडून लय वर्सं आयकलं जी.”

केवढा हा विश्वास.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. दगड कमानीवर बसला, वर कापड टाकलं आहे. सीओ साहेबांचा होकार पक्का.

माझा प्रश्न मी पाठ केला. एकही विशेषण ठेवलं नाही. आधी प्रसंग, मग हुकूम, मग ‘का?’ आरशासमोर उभा राहून तीनदा म्हटला. शकुन दारात येऊन ऐकत होती.

“चांगला हाये,” ती म्हणाली. “पर साहेबाच्या समोर आरसा नसन.”

मी म्हणालो, मी कोणाला भीत नाही. ती म्हणाली, भेवाचं नाही म्हणत मी. मग कशाचं, ते न सांगता आत गेली. बायकांचं बोलणं अर्धवट असतं.

सगळ्यांना बजावलं आहे: साहेब बोलून झाले की मी उभा राहीन, तुम्ही माझ्यामागे उभे राहायचं. टेकचंदसुद्धा शेवटी कबूल झाला.

२७ ऑक्टोबर

काल मंडई झाली. काल लिहिता आलं नाही.

गाव भरलं होतं. पाळण्यांच्या बाजूने पिपाण्यांचा गोंगाट, एकीकडे दंडारीची नाटकमंडळी रंग लावत बसलेली, आणि वेशीवर आम्ही, पदकं लावून, ओळीत. सीओ साहेब गाडीतून उतरले. वाकलेले, हातात काठी, पण मिशी तीच. मी डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर धरून सलाम वर नेला. ते माझ्यापाशी थांबले, खांद्याकडे पाहिलं आणि माझं नाव घेतलं. इतक्या वर्षांनी. ते असं करतील याची मी तयारी केली नव्हती.

कापड बाजूला सरलं. साहेबांनी दगड वाचला. चौथ्या ओळीवर बराच वेळ थांबले. मला वाटलं, भारावले.

माझं भाषण झालं. मग साहेब बोलले, थोडं, साधं. ताराचंद हसरा होता म्हणाले, ते खरं आहे. आणि शेवटी, जसे पलटणीच्या दरबारात दर महिन्याला जवानांच्या तक्रारी-शंका विचारायचे तसे, काठीवर दोन्ही हात ठेवून, आमच्या ओळीकडे वळून त्यांनी विचारलं,

“किसी का कोई पॉइंट?”

आणि आम्ही सगळे, पाठ ताठ करून, एका आवाजात म्हणालो,

“नहीं साहब!”

मीसुद्धा. लिहितो आहे कारण इथे लपवायचं नाही असं ठरवलं आहे. माझाच आवाज सगळ्यात मोठा होता. शब्द तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं की प्रश्न गेला. मागून टेकचंद कुजबुजला, “सुभेदार साहेब, इचारा न जी.” पण पाय हलेनात. दरबारात ‘नहीं साहब’ झालं की दरबार संपतो. आमच्या हाडांना दुसरं काही येत नाही.

साहेब खाली बसायला वळले, तेव्हा बायकांच्या बाजूने आवाज आला.

“मायावाला पॉइंट हाये.”

मंदाबाई उभी होती. कोणी ऑर्डर दिलेली नाही, ओळ नाही, सावधान नाही. साहेबांनी तिला खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

“ते टेकडी आता कोणाजवळ हाये जी?”

मला वाटलं, हेच? हे तर दगडावर लिहिलं आहे. मी सांगायला पुढे झालो, पण साहेबांनी हात करून मला थांबवलं. ते मंचावरून उतरून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मोडक्या मराठीत, मग हिंदीत, त्यांनी सांगितलं. तो हिवाळा सुरू झाला आणि वर रसद पोचेना. वाट बर्फाने बंद व्हायच्या आत चौकी खाली केली. पुढे समझोता झाला. त्या टेकडीवर आता कोणीच नाही. ना ते, ना आपण.

“मंग झेंडा?”

“नहीं है, बहन.”

पाळण्यांचा गोंगाट तेवढा चालू राहिला. मंदाबाईने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा कुठे माझे पाय सुटले. मी पुढे गेलो. पाठ केलेलं काही आठवलं नाही. म्हणालो, “साहब, उजाडल्यावर तुम्ही ‘चालू ठेवा’ का म्हणालात?”

साहेब म्हणाले की हुकूम ब्रिगेडचा होता. त्यांनी वर कळवलं होतं की उजाडलं आहे. वरून उत्तर आलं, वेळ बदलणार नाही. मग म्हणाले,

“मुझसे भी पूछा था, कोई पॉइंट? मैंने कहा, नो पॉइंट, सर।”

एवढंच. सबब नाही, माफी नाही. काठी टेकत गाडीकडे गेले. जेवायला थांबले नाहीत. मंदाबाई तोवर अंजूचा हात धरून घरी गेली होती.

२९ ऑक्टोबर

तेजरामच्या दुकानात जाऊन भांडलो. गिऱ्हाइकांसमोर. त्याला ठाऊक होतं, कबूलही केलं! चौकी खाली केली तेव्हा वरचं सामान खाली आणणाऱ्या गाड्यांत त्याची गाडी होती. मी इस्पितळात, टेकचंद त्याच्या बोटांसाठी दुसऱ्या इस्पितळात, आणि हा स्टोव्ह, जेरीकॅन, काटेरी तारा घेऊन उतरत होता. इतकी वर्षं माझी भाषणं ऐकली आणि चकार शब्द नाही.

“कवा सांगू गा?” तो भांडं घासत म्हणाला. “तू बोलाले लागला की लोक रडत. मंदाबाईही आयकत बसे. वाटे, झेंडा राहिला तिच्यासाठी, त राहू दे.”

“ती ऐकत नव्हती. विचारत होती.”

हे मी म्हणालो आणि मग मलाच ते ऐकू आलं.

मी खोटं बोललो नाही. मला जे सांगितलं गेलं ते मी मानलं, आणि मानलं ते सांगितलं. पण साहेबही हेच म्हणू शकतील. ब्रिगेडवालेही. तेजरामने चहा पुढे केला. मी घेतला नाही. मग घेतला.

२ नोव्हेंबर

बैठक बोलावली आणि एकच ठराव मांडला: चौथी ओळ काढायची. टेकचंद उसळला.

“शहिदाच्या गोट्यावर छिन्नी मारता? लोक काय म्हणतीन?”

मी म्हणालो, लोकांना खरं सांगू. ताराचंदने टेकडी घेतली, हे तिसऱ्या ओळीत आहे आणि ते पुरेसं आहे. त्याचं शौर्य झेंड्याच्या आधाराने उभं नाही. पुढे कोणी तो झेंडा दाखवून आपल्या पोरांना पाठवू लागला, तर आपल्या दगडाची साक्ष त्याला मिळता कामा नये.

टेकचंद म्हणाला, मग त्याचं मरण फुकट गेलं म्हणा. मी म्हणालो, नाही. तो माझ्या हातभर अंतरावर पडला, कारण तो माझ्या बाजूची बंदूक बंद करायला पुढे सरकला होता. मी जिवंत आहे. फुकट कसं? पण उजेडात आम्हाला चढवलं, ते चूकच होतं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि मी आजवर एकाच्या आवाजात दुसरं बुडवत आलो.

तेजरामने या वेळी हात वर केला. टेकचंदने केला नाही. त्याचा विरोध नोंदवून घेतला. विरोध म्हणून बोलला तरी.

९ नोव्हेंबर

तुमसरचा पाथरवट आला. कोरलेली अक्षरं बुजत नाहीत म्हणाला, तेवढी पट्टी खोल तासावी लागेल. तासली. तीन ओळींखाली आता कोरी खाच आहे, हाताची चार बोटं बसतील एवढी. ठोके चालू असताना मी तिथेच उभा होतो. बस थांबली की प्रवासी विचारायचे, काय काढून राहिले? मी प्रत्येकाला पूर्ण सांगितलं. काहींची बस सुटली.

मंदाबाई बांधीवरून भारे वाहत होती. आली नाही. अंजू गेले दोन रविवार पाळीवर धावायला आलेली नाही. शकुनला म्हणालो, ती आता पोरीला जाऊ देणार नाही, आणि खरं सांगू, तिच्या जागी मीही दिलं नसतं. शकुन म्हणाली, “तिच्या जागी तुमी नाही, हेच बरं हाये.”

१५ नोव्हेंबर

मंदाबाई घरी आली, अंजूला घेऊन. शकुनशी धानाचं बोलली, चहा घेतला, मग माझ्याकडे वळली.

“पोरगी जाऊन राहिली भरतीले. तुमी शिटी वाजवाले या म्हणून सांगाले आली.”

मी चाट पडलो. म्हणालो, टेकडीचं ऐकल्यावरसुद्धा?

“आयकलं म्हणूनच. आंधी मले कोणी खरं सांगतच नोहोतं. खोट्याच्या भरोशावर कशी धाडू? आता जे हाये ते हाये.” मग अंजूकडे वळून, जणू मी तिथे नाहीच, “जाय. पर साहेब इचारन, कोई पॉइंट, तवा या लोकायसारखी चूप नको राहू. कवाच नको राहू.”

अंजूने मान हलवली. मी काही बोललो नाही. माझ्यासाठी हे नवीन आहे.

१६ नोव्हेंबर

पाळीवर धुकं होतं. पोरं-पोरी धावली, अंजू सगळ्यांत पुढे. संपल्यावर मी त्यांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, आजपासून धाव संपली की मी एक प्रश्न विचारीन. फौजेत तुम्हाला पळायला, चढायला, नेम धरायला शिकवणारे पुष्कळ भेटतील. हे कोणी शिकवणार नाही. म्हणून मी शिकवणार, अंगात दम आहे तोवर, दर रविवारी.

पाठीवर हात बांधले आणि विचारलं, “कोई पॉइंट?”

सगळे गप्प. एक-दोघं तर ताठसुद्धा झाली. न शिकवता. मी पुन्हा विचारलं.

“हाये मोठेबाबा,” अंजू म्हणाली. धापा टाकत होती. “तुमी घड्याळ उशिरा दाबता. शिटीवर आमी निघून जातो, मंग घड्याळ सुरू होते. आमचा टाइम खोटाच कमी येते. भरतीत नापास होऊ.”

पोरं खाली मान घालून हसू दाबू लागली. मला राग आला. इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. उजवा खांदा दुखतो, शिटी आणि घड्याळ एकाच हाताने सांभाळावं लागतं, तुला काय कळतं, हे सगळं ओठांवर आलं.

पण तिचं बरोबर होतं.

“बरोबर आहे,” मी म्हणालो, शिटी तिच्या गळ्यात अडकवली, घड्याळ धरलं, आणि सगळ्यांना पुन्हा आरंभरेषेवर पाठवलं.